प्रज्ञाच्या ॲडमिशनसाठी तीव्र आंदोलन

बसा. चहा येऊन राहिला. पण एक गोष्ट आधीच सांगतो, मी बोलत असताना मधात हसायचं नाही. हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या. आमच्या गल्लीनं हसून घेतलं, पोलिसानं हसून घेतलं, बंगलोरच्या कॉलेजात बसलेल्या मोठ्या मॅडमनं हसून घेतलं. आता तुम्हीच राहिले.

मी दादाराव. तिसरी पास. ती तिसरीसुद्धा गुरुजींनी माझ्या कटकटीले कंटाळून पास केली. सगळी उमर उमरेडकडच्या कोळसा खदानीत गेली, लोडर होतो. आता नागपुरात पोराकडं राहतो. पोरगा सुधाकर मिहानच्या एका गोदामात माल उचलाची गाडी चालवतो. त्याची पोरगी प्रज्ञा. यंदा बारावी झाली.

अन् प्रज्ञा कशी आहे? जाऊ द्या. आपल्या पोरीची तारीफ आपणच कराची, हे मले आवडत नाही. पण गणितात तिच्यासारखी पोट्टी अख्ख्या नागपुरात नाही. हे झालं थोडक्यात.

तं तिनं बंगलोरच्या एका मोठ्या कॉलेजचा फॉर्म भरला. तिथं निवडलं की फी माफ, हॉस्टेल माफ, जेवण माफ. निवडलं नाही तं सुधाकरच्या पगारात असं कॉलेज होणं नाही, मग इथंच कुठंतरी. पोट्टीनं वर्षभर मान वर करून पाहिलं नव्हतं त्या फॉर्मसाठी. आमच्या घरात टीव्हीचा आवाज बंद होता वर्षभर. बातम्या मी नुसत्या तोंडं पाहून समजून घेत होतो.

एक दिवस ती म्हणाली, "आबाजी, फॉर्म झाला. आता फक्त एक निबंध अन् दोन शिफारसपत्रं राहिली. पण ते ऐच्छिक आहे. नाही दिलं तरी चालते."

"नाही दिलं तरी चालते असं त्यायनं लिहून दिलं?"

"हव."

"मग तं द्यायलाच पायजे!"

"काहून?"

"लग्नाच्या पत्रिकेत काय लिहितात? 'कृपया आहेर आणू नये.' मग कोणी रिकाम्या हातानं जाते का गा? जो जाते त्याचं नाव पंगतीत निघते."

ती हसली. म्हणाली, "देऊनच राहिली मी. निबंध लिहून झाला. एक पत्र फिजिक्सच्या मॅडम देतील. दुसरं शाळेबाहेरच्या माणसाचं पायजे, जो मले चांगला ओळखते."

मी लगेच सरसावून बसलो. शर्टाची वरची गुंडी लावली. याहून चांगला कोण ओळखते हिले? पाळण्यात असताना हिनं माझी मिशी उपटली आहे!

"नातेवाईक चालत नाही, आबाजी."

घ्या! म्हणजे ज्यानं खांद्यावर बसवून दीक्षाभूमी दाखवली, तो बाद. मी गुंडी काढून टाकली.

"मग कोणाले सांगितलं?"

"दौलतआजोबाले."

दौलत म्हणजे माझा खदानीतला दोस्त. मॅट्रिक. आता आमच्या वस्तीतल्या विहाराजवळची अभ्यासिका सांभाळतो, म्हणजे किल्ली त्याच्याजवळ असते अन् पोट्ट्यांवर ओरडायचा हक्क त्याले असतो. प्रज्ञा रोज तिथंच अभ्यासाले बसायची. पण त्याची खरी ओळख दुसरी आहे. खदानीत आमची संघटना होती, तिचा सेक्रेटरी दौलत अन् उपाध्यक्ष मी. मी बोलायचो, तो लिहायचा. पाण्याचा कूलर पायजे, दे निवेदन. पाळीच्या बसले मागची काच नाही, दे निवेदन. कँटीनच्या डाळीत डाळ नाही, दे निवेदन!

उत्तर? उत्तर कधी आलं नाही. पण कागदाच्या कोपऱ्यात 'पोच' असा शिक्का मिळायचा, अन् तो पाहून आम्ही दोघं समाधानानं तर्री पोहे खायचो.

दुसऱ्या दिवशी दौलत मोबाईल घेऊन माझ्याकडं आला. चेहरा पडलेला.

"दादाराव, कॉलेजचा मेसेज आला. पोरीबद्दल लिहा म्हणते. कोणत्याही भाषेत चालते. फोटो काढून टाका म्हणते. काय लिहू गा?"

"लिही ना! तू सेक्रेटरी होता!"

"मले एकच लिहिता येते, तुले माहीत आहे."

"मग तेच लिही!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? माझ्या हिशोबानं जगात कागद दोनच प्रकारचे. साहेब आपल्याले देते ती नोटीस. आपण साहेबाले देतो ते निवेदन. तिसरा कागद मी पाहिलाच नाही. कॉलेज साहेब, आपण जनता, अन् ॲडमिशन ही मागणी. सरळ आहे!

मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो अन् सांगायले लागलो. दौलतची पेन इतक्या वर्षांनी अशी धावली, जसा काही बंद पडलेला ट्रक उतारावर लागला.

'विषय : आमच्या वस्तीतील होतकरू विद्यार्थिनीस तात्काळ प्रवेश मिळण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की...'

काय सुंदर जमलं होतं ते! मधात मी तिची खरी गोष्ट घातली. दौलतच्या सुनेची दहावी लग्नामुळं सुटली होती. प्रज्ञानं तिले अभ्यासिकेत बसवून, तिचं लेकरू स्वतःच्या मांडीवर घेऊन, गणित शिकवलं. सून पास झाली. हे सांगता सांगता मी उगीचच दौलतवर ओरडलो की अक्षर नीट काढ.

अन् मग शेवट. निवेदनाचा जीव शेवटात असते.

'सदर विद्यार्थिनीस सात दिवसांचे आत प्रवेश न दिल्यास आम्हांस नाइलाजाने लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडावे लागेल व होणाऱ्या परिणामांस आपले प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील.'

दौलत थांबला. "दादाराव, हे जरा जास्त होत नाही का?"

"याच्याशिवाय कोण वाचते बे? अन् खाली लिही, प्रत माहितीस्तव, पोलीस ठाणे."

मग सह्या. दौलतची झाली. मी म्हटलं, मी नातेवाईक म्हणून बाद आहे, पण माजी उपाध्यक्ष म्हणून कुठं बाद आहे? ठोकली सही! मग माझ्या बायकोले हाक मारली.

"शांते, ये इकडं. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून सही कर."

शांतानं कणकेच्या हातानंच कागद लांबून वाचला. ती सातवी आहे, माझ्याहून चार यत्ता जास्त. म्हणाली, "पोरगी शिकाले जाऊन राहिली का संपावर? मी नाही करत असल्या येडेपणावर सही."

"तुले काही समजते का वं?"

"मले समजते म्हणूनच नाही करत."

नको करू! गल्लीत माणसांची कमी आहे काय? मी कागद घेऊन चहाच्या टपरीवर गेलो, अन् तिथंच घोळ वाढला. टपरीवाल्यानं सही केली. ते पाहून शिंप्यानं विचारलं, "मले काहून नाही विचारलं?" शिंप्याची घेतली तं ऑटोवाले रुसले. ऑटोवाल्यांची घेतली तं त्यायनं संघटनेचा शिक्का मारला. शिक्का पाहून विहार कमिटीवाले म्हणाले, आमचा शिक्का मोठा आहे, वर मारा. लग्नात मामाले पागोटं दिलं अन् मावश्याले नाही, असं करून चालते का? दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नसलेला पलीकडच्या गल्लीतला माणूस आला, मुकाट सही करून निघून गेला. एका म्हातारीनं अंगठा दिला अन् विचारलं, "राशन कधीपासून भेटन?"

कागदाले पुरवणी जोडावी लागली. दौलतनं फोटो काढले, कॉलेजले पाठवले. तिकडून लगेच उत्तर आलं, आपलं पत्र मिळालं म्हणून. ते मशीन पाठवते, हे आता मले माहीत झालं. तेव्हा मी दौलतच्या पाठीवर थाप मारली, "पाह्य! पोच आली!"

अन् आम्ही दोघं तर्री पोहे खाऊन आलो.

दोन-तीन दिवसांनी दारात हवालदार उभा.

"दादाराव कोण आहे इथं?"

मी बाहेर आलो. मागून प्रज्ञा आली. हवालदाराच्या हातात आमचाच कागद. दौलत मोठा शिस्तीचा माणूस, 'प्रत माहितीस्तव' लिहिलं म्हणजे तो खरोखर नेऊन देते. पोच घेऊन येते.

"काका, तीव्र आंदोलन कुठं करून राहिले?"

"अजून ठरलं नाही."

"परवानगी काढली? माईक लावणार काय?"

"माईक तं लागनच."

"अन् हे कॉलेज कुठं आहे?"

"बंगलोरले."

हवालदारानं टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे मोर्चा नागपुरातून निघन अन् बंगलोरले जाईन?"

"निघन धरमपेठेतून. पुढचं पाहू."

त्यानं कागदाची घडी केली. "मग तं हे आमच्या हद्दीतच येत नाही, काका." अन् असा हसत निघाला, की गाडीले किक मारताना तीनदा पाय चुकला.

मी मागं वळलो. प्रज्ञा तिथंच उभी. तशीच दौलतकडं गेली अन् तो कागद कोणता, हे त्याच्या मोबाईलवर पाहून आली. आली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तं बरं झालं असतं, चढलेल्या आवाजाशी मले बोलता येते.

"आबाजी, तुम्ही कॉलेजले धमकी दिली."

"धमकी कुठं वं? लोकशाही मार्गानं लिहिलं आहे!"

"ते मले ओळखत नाहीत. माझ्याबद्दल दुसऱ्यानं लिहिलेले त्यायच्याजवळ हेच दोन कागद आहेत. एक मॅडमचा अन् एक हा."

बस. एवढंच म्हणाली अन् पुस्तकं आवरायले लागली. वर्षभर उघडी असलेली पुस्तकं एकावर एक ठेवून दिली. मग चार दिवस मले चहा मिळाला, पण कप स्टुलावर ठेवायची अन् निघून जायची. शांता बोलली, पण ते इथं सांगण्यासारखं नाही.

मी खदानीत दरड पडताना पाहिली आहे, भ्यालो नाही. पण त्या आवरलेल्या पुस्तकांकडं पाहिलं की मी तोंड भिंतीकडं करून बसायचो. आपल्या तीन पिढ्यांतून एक पोट्टी एवढ्या दूर पाहाले लागली, अन् मध्ये कोण उभं? मीच!

म्हणून मी ठरवलं, आपण केलं, आपणच निस्तरायचं. दौलतले बोलावलं. म्हटलं, आंदोलन मागे घेऊन टाकू. त्यानं लिहिलं, फोटो काढला, पाठवला. मी मोठ्या तोऱ्यात प्रज्ञाकडं गेलो.

"हे घे. झालं तुझं समाधान? मागे घेतलं."

तिनं वाचलं. डोळे मिटले. मग मोठ्यानं वाचलं.

"'...कॉलेज प्रशासनाच्या सहकार्याची अपेक्षा ठेवून सदर आंदोलन तूर्तास स्थगित करण्यात येत आहे.' आबाजी! तूर्तास?"

"तसंच लिहितात वं! पूर्ण मागे घेतलं तं पुढच्या खेपेले आपल्याले कोण भिईन?"

ती खाली बसली. दोन्ही हातांत डोकं धरलं. हसते का रडते, मले समजलं नाही. मी विचारलं पण नाही. काही गोष्टी माझ्यासारख्या माणसाले पण समजतात.

आता ऐका. आठ-दहा दिवस गेले अन् कॉलेजचा मेसेज आला, मुलाखत घ्यायची आहे, मोबाईलवर, तोंड पाहून. घरात गडबड उडाली. सुधाकरनं सुट्टी घेतली. शांतानं मले हुकूम केला, "तुम्ही स्वयंपाकघरात बसा. मेथी निवडा. खोकला आला तं गिळा."

मी, माजी उपाध्यक्ष, मेथी निवडत बसलो. बाहेर इंग्रजी सुरू झालं. काय बोलत होती पोट्टी! एक शब्द समजत नव्हता, पण अडकत नव्हती कुठं. समोरचे विचारत होते, ही देत होती. मेथीची पानं तशीच राहिली, मी काड्याच वाटीत टाकत होतो.

अन् एकदम तिकडून हसण्याचा आवाज! एक नाही, तीन-चार माणसांचा. गेलं, म्हटलं. निवेदन निघालं.

"आबाजी, इकडं या. मॅडम बोलावतात."

मी मेथीची जुडी घेऊनच उभा राहिलो मोबाईलसमोर. मोबाईलमध्ये चार चौकोन, एकात पिकल्या केसांची मॅडम. साफ मराठीत बोलली.

"नमस्कार काका. आंदोलन अजून स्थगित आहे ना?"

म्हटलं, "जयभीम मॅडम. पोरीची काही चूक नाही. सगळं मी केलं. मी तिसरी पास आहे, मले दुसरा कागद येत नाही. शिक्षा कराची असेल तं मले करा. मी येतो बंगलोरले."

"मोर्चा घेऊन?" मॅडम म्हणाली, अन् चारही चौकोन पुन्हा हसले. "काका, खरं सांगू? आम्ही प्रज्ञाचा निबंध आधी वाचला होता. फार छान आहे. पण त्यातले आजोबा वाचून आमचे सर म्हणाले, असा माणूस असूच शकत नाही, मुलीनं रंगवून लिहिलं आहे. मग दुसऱ्याच दिवशी तुमचं निवेदन आलं. शिक्क्यांसकट."

"अन् मग?"

"मग स्थगिती आली. तेव्हा सर म्हणाले, नाही, मुलगी खरं लिहिते. उलट कमीच लिहिलं आहे."

माझी छाती अशी फुगली की बनियानची शिवण कुरकुरली. माझ्यावर निबंध! इंग्रजीत! बंगलोरच्या सरांनी वाचलेला! मी प्रज्ञाकडं पाहिलं, ती पायाच्या अंगठ्याकडं पाहत होती.

"मॅडम, निबंधाचा विषय काय होता? थोर पुरुष?"

मॅडमनं तोंडावर हात धरला. "नाही काका. विषय होता, ज्याच्याशी तुमचं अजिबात पटत नाही असा माणूस."

मागून शांता अशी हसली की शेजारीण धावत आली.

मॅडम मात्र नंतर गंभीर झाली. म्हणाली, त्या सुनेच्या दहावीची गोष्ट प्रज्ञानं स्वतः कुठंच लिहिली नव्हती. ती फक्त तुमच्या कागदात मिळाली. हे ऐकलं अन् मी मेथीची जुडी तोंडासमोर धरली. मेथीचा वास डोळ्यांत जाते, तुम्हाले माहीत असेल.

पंधरा दिवसांनी कळलं. झाली ॲडमिशन. सगळं माफ.

गल्लीनं मांडव टाकला. विहारासमोर, माईक लावून. हवालदारपण आला, परवानगी न विचारता जिलेबी खाऊन गेला. ज्यानं त्यानं मले हार घातला, "काका, तुमच्या निवेदनानं काम केलं!" मी नाही म्हटलं नाही. काहून म्हणू? आयुष्यात पहिल्यांदा माझी मागणी जशीच्या तशी मान्य झाली होती!

अन् तिथंच माझी जीभ पुन्हा सुटली. माईक हातात आला की मले काय होते, कोण जाणे. म्हणालो, "या पोट्टीनं माझ्यावर निबंध लिहिला! अख्ख्या बंगलोरनं वाचला, अन् आपल्या गल्लीले माहीत नाही? माझी जाहीर मागणी आहे, तो इथं, मराठीत वाचून दाखवण्यात यावा!"

"आबाजी, राहू द्या," प्रज्ञा म्हणाली.

"नाही! वाच!"

तिनं वाचला. 'माझे आबाजी बरोबर असतात तेव्हासुद्धा चुकीच्या आवाजात असतात,' इथून सुरुवात. गल्लीनं टाळी दिली. 'त्यांच्यासोबत चहा पिणं म्हणजे सभेला बसणं,' टाळी! 'ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.' शिट्ट्या! 'माझं त्यांच्याशी एकाही गोष्टीवर पटत नाही, पण न पटणाऱ्या माणसासमोर उभं राहून बोलायचं कसं, हे मी त्यांच्याशीच भांडून शिकले. त्यामुळे मला आता कोणत्याही साहेबाची भीती वाटत नाही.'

इथं टाळी आली नाही. मीपण गप्प होतो, अन् हे जवळच्या लोकांनी लिहून ठेवण्यासारखं आहे.

मग दौलत उठला. लेकाचा सेक्रेटरी! म्हणाला, "कागद एकदम खरा आहे. याले सर्वांचं अनुमोदन पायजे. आम्ही खाली सही करणारे..."

झालं! लागली ना रांग. टपरीवाला, शिंपी, ऑटोवाले, शिक्क्यासकट. विहार कमिटी, मोठ्या शिक्क्यासकट. राशन विचारणारी म्हातारी, अंगठ्यासकट. पलीकडच्या गल्लीतला तो माणूस यावेळी हसत आला, अन् सही करताना नावाखाली दोन रेघा ओढल्या. माझ्या निवेदनाले एक पुरवणी लागली होती. याले दोन लागल्या.

अन् पहिली सही कोणाची, माहीत आहे? जिनं माझ्या कागदावर सही कराले नकार दिला होता तिची. शांतानं मांडवातल्या पुऱ्यांच्या कणकेचे हात धुतले, पदराले पुसले अन् ऐटीत पूर्ण नाव लिहिलं. खाली पद, अध्यक्ष, महिला मंडळ.

दुसरी सही माझी. माजी उपाध्यक्ष म्हणून.